जुनं धोतर, चिंचोके आणि १२० पानं : घरी केलेल्या गंजिफाच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

काय करतेय ते आधी सांगून टाकते म्हणजे पुढचं कळेल. दशावतारी गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांचा, अख्खा सेट घरी बनवायचाय. १२० गोल पानं. मत्स्य ते कल्की असे दहा रंग (पत्त्यांत इस्पिक-बदाम असतात तसे), प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. बजेट ८०० रुपये, मुदत कोजागिरी, म्हणजे ६ ऑक्टोबर.

मे महिन्यात सावंतवाडीला गेलो होतो तेव्हा राजवाड्यात कारागीर मांडी घालून पानं रंगवत बसलेले बघितले आणि तिथेच अर्धा तास मोडला. विकत घ्यायचं मनात होतं पण दर ऐकून गप्प बसले. दर चुकीचा अजिबात नाही, एकेका पानावर एवढं बारीक काम असतं की उलट कमीच वाटावा, पण तो सेट मी आणला असता तर काचेच्या कपाटात ठेवला असता आणि मला खेळायचंय. चहा सांडला तरी जीव वरखाली होणार नाही अशी पानं हवीत. पूर्वीही दोन प्रकार होतेच ना, दरबारी कलम म्हणजे हस्तिदंताची वगैरे श्रीमंत पानं, आणि बाजार कलम म्हणजे कापडाची, कागदाची, चारचौघांनी हाताळायची. माझी ही डोंबिवली कलम.

एक आधीच स्पष्ट करते. सावंतवाडी गंजिफाला २०२४ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी ही कला मरता मरता परत उभी केली म्हणून ती आज बघायला मिळते. माझी पानं म्हणजे घरची नक्कल आहे, विकायची नाहीत, त्या नावाने कुठे टाकायचीही नाहीत.

आजची खरेदी: विद्यार्थ्यांचे पोस्टर कलर, १२ बाटल्यांचा सेट १८० रुपये. जास्तीचा पांढरा दोन बाटल्या ९०. ब्रश, झिरो नंबरचे दोन, दोन नंबरचा एक, सहा नंबरचा चपटा एक, मिळून १४०. गेरूचा खडा २०. पांढरी रांगोळी एक किलो २०. कापड म्हणजे बाबांचं जुनं धोतर, धुऊन धुऊन मऊ झालेलं, फुकट. चिंचोके आईकडून, फुकट. आईने एवढंच विचारलं की आता या वयात चिंचोके कशाला, सारीपाट मांडणारेस का.

१५ जून, रविवार

पहिल्याच दिवशी मिक्सर बंद.

चिंचोक्याची खळ, म्हणजे कापड चिकटवायची पेस्ट, करायची म्हणून रात्री पाव किलो चिंचोके भिजत घातले, सकाळी साल निघेना, म्हटलं सालासकट फिरवू. मिक्सरमधून आधी खडखड, मग जळका वास, मग शांतता. भांड्याखालचा कपलर तुटला. ६० रुपये. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसतं ते भांडं उलटं करून ओट्यावर माझ्यासमोर ठेवलं.

बरोबर पद्धत अशी: चिंचोके आधी कोरडे भाजायचे, कढईत, मध्यम आचेवर, साल तडकायला लागेपर्यंत. मग खलबत्त्यात हलके ठोकले की चॉकलेटी साल सुटते आणि आत पांढुरका गर राहतो. तो गर दोन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं, मग पाट्यावर वाटला तरी चालतो, मिक्सरही कुरकुरत नाही. वाटलेला एक कप गर, साताएक कप पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं, पळीला चिकटून सावकाश गळायला लागला की उतरवून फडक्यातून गाळायचा. न गाळता वापरलात तर कण राहतात आणि ते शेवटपर्यंत पानावर पुटकुळीसारखे दिसतात.

२२ जून, रविवार

धोतराचे ६० बाय ४० सेंटिमीटरचे तुकडे कापले. एक तुकडा, वर खळ, दुसरा तुकडा, खळ, तिसरा. तीन थरांचं एक शीट. पान सात सेंटिमीटरचं धरलंय, कापायला जागा सोडून एका शीटमध्ये ४० पानं बसतात, म्हणून चार शीट केली, १६०, म्हणजे ४० पानं हाताशी जास्तीची. (याचं पुढे काय झालं ते वाचालच.)

डायनिंग टेबलवर जाड प्लॅस्टिक टाकून त्यावर चिकटवलं. हाताने दाबलं की मध्ये हवेचे फुगे राहतात, लाटण्याने मधून कडेकडे ढकलत नेलं की जातात. लाटणं जुनं घ्या, घरातलं चालू लाटणं घेऊ नका, मिक्सरनंतर मला तेवढी अक्कल आली होती.

आता आजची मोठी चूक. कापडावर पांढरा लेप द्यायचा असतो, खळ आणि खडूची पूड. मी विचार केला की खडूची पूड कशाला शोधत बसा, रांगोळी पांढरीच की. दोन हात दिले, रात्रभर पंख्याखाली ठेवलं, सकाळी हात फिरवला तर पॉलिश पेपर. रांगोळी म्हणजे दगडाची भरड, चिमटीतून सुटावी म्हणूनच ती दाणेदार असते, ती गुळगुळीत होणार कशी. चपट्या ब्रशचे अर्धे केस त्या लेपात अडकून राहिले ते वेगळंच. सगळं ओल्या स्पंजने खरवडून काढलं, खळ पाण्याने सैल होते म्हणून निघालं तरी, पण दोन संध्याकाळी गेल्या.

२८ जून, शनिवार

हार्डवेअरच्या दुकानात व्हाइटिंग पावडर मागा. रंगारी लोक लांबी करायला वापरतात ती, मैद्यासारखी बारीक. दोन किलो ६० रुपये. मला त्यातली अर्धा किलोसुद्धा लागणार नाही पण तो दोन किलोच्या खाली द्यायला तयार नव्हता.

दोन वाट्या खळीत तीन वाट्या पावडर, साईच्या दुधाइतकं दाट. घट्ट केलं तर वाळल्यावर तडे जातात, हेही करून बघितलंय. पातळ तीन हात, एक उभा, एक आडवा, परत एक उभा, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा.

सकाळी उठून बघते तर शीट पोह्याच्या पापडासारखं गुंडाळलेलं. वरचा लेप वाळताना आकसतो आणि कापडाला आपल्याकडे ओढतो. वजन ठेवून सरळ होतं, पण वजन काढलं की परत वळतं. उपाय सोपा आहे, मागच्या बाजूलाही तेवढेच हात द्यायचे म्हणजे दोन्हीकडून ओढ सारखी. मी मागच्या बाजूच्या लेपात गेरू वाटून घातला, त्यामुळे सगळ्या पानांची पाठ आयतीच एकसारखी तांबडी झाली आणि रंग वाचला. सगळ्या प्रोजेक्टमधलं हे एकमेव काम जे चुकून बरोबर झालं.

६ जुलै, रविवार

पावसात खळ हे प्रकरण करू नका. किंवा करा, पण आधी हे वाचा.

आठवडाभर ऊन नाही, शीट वाळायला तीन-तीन दिवस, आणि परवा संध्याकाळी ऑफिसमधून आले तर घरात एक विशिष्ट वास. तिसऱ्या शीटवर करडे-काळे ठिपके, मागून बघितलं तर कापडाच्या थरांमध्ये आतपर्यंत बुरशी. चिंचोका म्हणजे शेवटी खाण्याची वस्तू, बुरशीलाही आवडणारच. घासून बघितलं, उन्हात (म्हणजे बल्बखाली) ठेवून बघितलं, गेलं नाही. टाकून दिलं. ४० पानं गेली, उरली बरोबर १२०. हाताशी एकही जास्तीचं पान नाही.

पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात हे मला माहीत होतं पण आळस केला होता. आता ३० रुपयांचा मोरचूद आणला, वाटीभर खळीला चिमूटभर, गरम असतानाच विरघळवायचा. खळीला किंचित हिरवट झाक येते, लेपाखाली दिसत नाही. पण मोरचूद विष आहे, तेव्हा त्यासाठी वेगळं पातेलं, वेगळी काठी, आणि ते पातेलं परत स्वयंपाकात आणायचं नाही. आमच्याकडे लहान मूल नाही म्हणून केलं. तुमच्याकडे असेल तर पावसाळा संपेपर्यंत थांबा, मोरचुदाशिवाय कडक उन्हात एका दिवसात वाळवा.

उरलेल्या तिन्ही शीटवर दोन्हीकडून मोरचुदाच्या पातळ खळीचा एक हात फिरवला. धोतर संपलं नव्हतं म्हणून पाचवं शीटही लावून ठेवलं, शहाणपण म्हणून.

१३ जुलै, रविवार

घोटणं. लेप दिलेलं शीट कडक आणि गुळगुळीत दगडाने घासत राहायचं, चकाकी येईपर्यंत. कारागिरांकडे खास दगड असतो. माझ्याकडे स्टीलचा चमचा होता. दहा मिनिटं जोर लावून घासलं तर पांढऱ्या लेपावर पेन्सिलसारख्या करड्या रेघा, कारण लेप धातू खरवडतो आणि तो वर बसतो. खोडरबराने थोड्या गेल्या.

मग काचेची गोटी. ती बोटांतून निसटते, कोचाखाली जाते. शेवटी देवघरातली सारीपाटाची कवडी सापडली, तिची पाठ तळहातात छान बसते आणि काहीही डाग सोडत नाही. एका शीटला दीड तास. नवरा मॅच बघत बसला होता, त्याच्या हातात एक शीट आणि एक कवडी दिली, ओव्हर संपली की शीट फिरवायचं असं ठरवलं, आणि खरं सांगते, त्याने घोटलेलं शीट माझ्यापेक्षा छान निघालं.

घोटल्यावर हाताला जे लागतं ते फोटोत येत नाही. कापड आहे हे विसरायला होतं, अंड्याच्या टरफलावरून बोट फिरवल्यासारखं लागतं.

१९ जुलै, शनिवार

१२० गोल कात्रीने कापायचे म्हणजे काय हे कापायला बसल्याशिवाय कळत नाही. तीसएक पानांनंतर अंगठ्याला फोड. कात्रीला धार लावून आणली, ४० रुपये, खूप फरक पडला, ते आधी करायला हवं होतं.

तरीही प्रत्येक गोल वेगळाच, काही बटाटे, काही अंडी. उपाय: दहा-दहा पानांची चळत करून वर-खाली पुठ्ठ्याचे बरोबर मापाचे गोल ठेवायचे, क्लॅम्पने किंवा कपड्यांच्या जाड चिमट्यांनी आवळायचं आणि कडेने पॉलिश पेपर फिरवायचा, आधी १२० नंबर, मग २२०. चार पेपर ८० रुपये. पांढरी धूळ इतकी उडते की गॅलरीतच करा आणि नाकाला रुमाल बांधा.

कड घासली की कापडाचे तंतू सुटायला लागतात, तिथे बोटाने खळ लावून घ्यायची. हे मी पहिल्या ४० पानांना केलं नव्हतं, त्यांना आता मिशा आल्यात.

३ ऑगस्ट, रविवार

रंगकाम सुरू. रंगांच्या खुणा जागोजागी थोड्या वेगळ्या असतात, मी या धरल्या: मत्स्याला मासा, कूर्माला कासव, वराहाला शंख, नरसिंहाला चक्र, वामनाला कमंडलू, परशुरामाला परशू, रामाला बाण, कृष्णाला गाय, बुद्धाला कमळ, कल्कीला तलवार.

आता हिशोब बघा. एक ते दहा मिळून एका रंगात ५५ खुणा. दहा रंगांच्या ५५०. म्हणजे ५५ मासे, ५५ कासवं आणि ५५ गाई, सात सेंटिमीटरच्या पानावर. पहिल्या रविवारी मी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच बसून १९ मासे काढले, त्यातले सहा बोंबील वाटत होते.

म्हणून ठसे. पाच रुपयांचे खोडरबर सहा आणले, ३० रुपये. बटर पेपरवर पेन्सिलने चित्र, ते पालथं घालून रबरावर नखाने घासलं की उमटतं, मग अर्ध्या ब्लेडने कोरायचं. मासा, कासव, शंख, कमळ, गाय आणि चक्र ठशाने. बाण, तलवार, परशू आणि कमंडलू ब्रशनेच, ते सोपे आहेत.

ठसा रंगात बुडवला तर कडेला घोळ होतो आणि मध्ये काहीच उमटत नाही. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा रंगात दाबून, तो ठशावर टेकवायचा, आधी एकदा रद्दी कागदावर, मग पानावर. रबर नवं असलं तर रंग थेंब थेंब होऊन बसतो, साबणाच्या पाण्याने एकदा धुऊन घेतलं की नीट पसरतो. ठसा म्हणजे फक्त अंगाचा आकार, डोळा, कल्ले, पाठीवरच्या रेघा हे नंतर झिरो नंबरच्या ब्रशने. त्यामुळे छापील वाटत नाही.

सत्ती, अठ्ठी आणि नव्वी मांडणं सगळ्यात कठीण, गोलात कुठेतरी एक बाजू जड होतेच. पुठ्ठ्याला भोकं पाडून प्रत्येक आकड्याचा साचा केला आणि पेन्सिलचे ठिपके देऊन घेतले. अंदाजाने करू नका, मी केलेली माशांची नव्वी बघून भाचा म्हणाला, मावशी हे सगळे एका बाजूला का पळतायत, शार्क आलाय का.

१० ऑगस्ट, रविवार

ठसा उलटा उमटतो हे जगाला माहीत आहे, मलाही माहीत होतं, तरी शंख कोरताना विसरले. नेहमीच्या शंखाच्या ऐवजी सगळे उजवीकडे वळणारे उमटले, आणि हे कळलं तेव्हा वराहाची दहाही पानं छापून झाली होती. सासूबाईंनी चष्मा लावून नीट बघितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा खूश झाल्या. दक्षिणावर्ती शंख घरात एक असला तरी भाग्य म्हणे, इथे ५५ आहेत. तसेच ठेवले.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सुट्टी होती, राजे आणि प्रधान काढले. राजाच्या पानावर अवतार मखरात बसवला, प्रधान घोड्यावर. घोडे मला येत नाहीत. एलिमेंटरीला बी ग्रेड आणि इंटरमिजिएटला सी, तेव्हा अपेक्षा बेताच्या ठेवा. दहा घोडे काढले, एकाचंही पुढचं आणि मागचं अंग एका घोड्याचं वाटत नाही, पण गुडघ्यापर्यंत झूल घातली की बरंच झाकलं जातं.

नवव्या अवताराच्या जागी विठोबा काढला. जुन्या पंचांगांवरच्या दशावतारात तो तिथे दिसतो, आणि मनापासूनचं कारण म्हणजे हात कमरेवर असल्याने बोटं काढावी लागत नाहीत.

काळ्या रेघांसाठी पोस्टरचा काळा करडट दिसतो. घरी काजळी धरली, तिळाच्या तेलाची पणती आणि वर पितळेची ताटली, रात्रभरात चमचाभर. ती पाण्यात कालवायला गेले तर नुसती तरंगत राहिली, बोट बुडवलं तर काळं आणि पाणी मात्र स्वच्छ. आधी दोन-तीन थेंब स्पिरिट घालून तिचा लगदा करायचा, मग डिंकाचं पाणी घालून घोटायचं, मग येते. असली काळी रेघ विकतच्या कुठल्याच बाटलीतून आली नव्हती. फक्त हे एक पदरचे पैसे न घालता मिळालेलं वैभव.

जुन्या पिवळ्यासाठी हरताळ आणि लालासाठी हिंगूळ वापरत असं वाचून कोणी मागवायला जाऊ नका. एकात आर्सेनिक आहे, दुसऱ्यात पारा. हरताळ पूर्वी पोथीतली चूक झाकायला फासत, त्यावरूनच आपला वाक्प्रचार आलाय, तेवढ्यापुरताच तो ठेवूया.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज खरोखरच हरताळ फासला गेला.

पोस्टर कलर पाण्याने परत सुटतात, घामाच्या बोटानेसुद्धा, म्हणून वर लाखेचा हात लागतो. चपडा लाख १०० ग्रॅम १५० रुपये, स्पिरिट अर्धा लिटर ११०. काचेच्या बरणीत एक भाग लाख, सहा भाग स्पिरिट, रात्रभर ठेवली की विरघळते, फडक्यातून गाळून घ्यायची. स्पिरिट डिंकाला हात लावत नाही त्यामुळे रंग सुटणार नाही, असा माझा हिशोब. गॅस बंद, खिडक्या उघड्या, हे सांगायला नको.

नरसिंहाच्या एक्क्यावर पहिला हात मारला आणि गुलाबी जमीन (चित्रामागचा रंग) चक्रावरून वाहत गेली. या सेटमधला मजेंटा आणि जांभळा हे वाळल्यावर पक्के वाटतात पण स्पिरिटमध्ये होळी खेळतात. बाकीचे रंग ठीक. टेस्ट दोन मिनिटांची आहे, प्रत्येक रंगाचा ठिपका वाळवायचा आणि स्पिरिटचा कापूस फिरवायचा, कापसाला रंग आला की तो रंग बाद. ही टेस्ट १४ जूनला करायची असते, २३ ऑगस्टला नाही. नरसिंहाची बाराही पानं ओल्या फडक्याने पुसली, गुलाबी छटा राहिलीच, त्यावर गेरू आणि काजळी मिसळून गडद विटकरी जमीन दिली. दोन पानांचा लेपही निघाला, ती पाचव्या शीटमधून नवी कापली.

दुसरं असं की लाख पिवळसर असते. पांढरा हस्तिदंती होतो, तो सुंदर दिसतो. पण आकाशी हिरवट होतो. रामाची जमीन मी आकाशी केली होती ती आता शेवाळी आहे.

तिसरं, पाऊस. हात मारल्यावर पाचेक मिनिटांत पानावर धुकं आलं, पांढरट. हवेतला ओलावा लाखेत अडकतो. लाख लावायचं काम इथेच थांबवलं.

१ सप्टेंबर, सोमवार (सावंतवाडीहून)

गणपतीला मावशीकडे आलोय. चार पानं पर्समध्ये टाकून आणली होती, चितार आळीत लाकडी खेळणी रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरांना धीर करून दाखवली. घोडे बघून ते हसतील वाटलं होतं. त्यांनी चित्र बघितलंच नाही. पान उजेडाकडे तिरपं धरलं, वरून अंगठा फिरवला, कडेला नखाने टकटक केलं. "ह्यां अजून घोटूक व्हया गो," एवढंच म्हणाले.

मी म्हटलं आता तर रंग दिलाय. मग त्यांनी दाखवलं: रंगवलेलं पान काचेवर पालथं घालायचं आणि पाठीकडून घोटायचं. रंगाला काच लागते, घासणं मागून होतं. आणि विटकरी जमिनीचं पान त्यांना आवडलं, ते दोनदा हातात घेतलं. तेच जे मी चूक लपवायला रंगवलं होतं.

१४ सप्टेंबर, रविवार

सगळी पानं परत घोटली, कपाटाच्या दाराची काढलेली काच खाली आणि पाठीवर कवडी. एका पानाला दोन-तीन मिनिटं, १२० पानं, आठवड्याच्या सगळ्या संध्याकाळी. पोस्टर कलरचा जो शाळकरी खडूसारखा कोरडेपणा असतो ना, तो जातो. रंग तेच, १८० रुपयांचे, पण दाबून बसलेले आणि थोडे ओलसर चकाकणारे. मला वाटत होतं महागडे रंग घेतले असते तर असं दिसलं असतं.

आज ऊन होतं. दुपारी बारा ते चार लाखेचे दोन पातळ हात, तलम सुती कापडाच्या बोळ्याने, ब्रशने नाही, ब्रशचे ओघळ राहतात. धुकं आलेल्या जुन्या पानांवर नुसत्या स्पिरिटचा ओलसर बोळा हलकाच फिरवला तर धुकं गेलं.

२१ सप्टेंबर, रविवार

वाळली असं समजून १२० पानांची चळत करून वर दोन जाड शब्दकोश ठेवले, सपाट राहावीत म्हणून. उन्हाळ्यासारखा उकाडा होता. सकाळी २६ पानं एकमेकांना चिकटलेली. सुरी घालून सोडवताना सहा पानांचा रंग शेजाऱ्याच्या पाठीला गेला, त्यात कृष्णाचा राजा. त्याचं नाक आणि बासरीचं अर्धं टोक आता कल्कीच्या पंजीच्या मागे आहे.

लाख वरून वाळते तेव्हा आतून वाळलेली नसते. निदान आठवडा सुटी पसरून ठेवा, मग टाल्कम पावडर पुसून चळत करा. सहाच्या सहा दुरुस्त केली, कृष्णाला नवीन नाक दिलं, आधीपेक्षा जरा मोठं झालंय.

२८ सप्टेंबर, रविवार. हिशोब

रांगोळी २०, व्हाइटिंग ६०, मोरचूद ३०, रंग १८०, जास्तीचा पांढरा ९०, ब्रश १४०, गेरू २०, खोडरबर ३०, पॉलिश पेपर ८०, कात्रीची धार ४०, लाख १५०, स्पिरिट ११०. एकूण ९५०. मिक्सरचा कपलर धरला तर १०१०. तो धरायचा की नाही यावर घरात एकमत नाही.

वेळ मी सुरुवातीला लिहीत होते, १०० तासांनंतर लिहायचं बंद केलं. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ कापड, लेप आणि घोटण्यात गेला, चित्रात नाही. परत केलं तर ब्रशवर शंभरेक रुपये जास्त घालेन, स्वस्त झिरो नंबर दोन दिवसांत फाटतो आणि एका रेघेच्या दोन रेघा काढतो. रंग मात्र हेच घेईन, मजेंटा सोडून.

६ ऑक्टोबर, सोमवार, कोजागिरी

खेळलो. मी, नवरा आणि नणंद, तिघांत ४०-४० पानं. गोल पानं पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत, चादरीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवायची. ४० गोल पानं हातात धरणं हीच एक कसरत, नणंदेने सरळ ताटात मांडली.

पाच रंगांत दश्शी मोठी आणि पाच रंगांत एक्का मोठा, हे डोक्यात बसायला तासभर गेला आणि त्यावरून दोनदा भांडण झालं. दिवसा खेळलं तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी (पहिलं पान टाकायचा मान), रात्री कृष्णाचा. आम्ही साडेनऊला बसलो, तेव्हा कृष्ण. तो नवऱ्याकडे होता, त्याने चादरीवर टाकला आणि नणंद म्हणाली, दादा, याच्या नाकाला काय झालं?

मसाला दूध सांडलं, एकदा, वामनाच्या अठ्ठीवर. पुसलं, काही झालं नाही. मिशा आलेल्या ४० पानांपैकी तीन ओळखू येतात, पाठीकडूनसुद्धा, आणि नवऱ्याला ती कुठली हे पाठ झालंय, त्यामुळे पुढच्या रविवारी त्यांच्या कडा परत घासायच्या आहेत. दीड किलो व्हाइटिंग उरलीय.